तळाची मूठ

त्या सकाळी डोहावर कोण कोण हुतं ते आदी सांगती, म्हंजी फुडं कुणाचं नाव आलं तर तुमाला कळंल. आमचं मालक हुतं, दादू त्येंचं नाव. माजा लेक सुभाष हुता. सून रंजना हुती. माजी मैत्रीण येसू माज्याबरुबर पाण्यात हुती. जतकडची बायाक्का यस्टीनं आल्याली, ती पाण्याला भ्यायची म्हणून लांब बाभळीखाली बसल्याली. रंजनाच्या कडंवर माजी नात सुजाता हुती, ती तवा पाऊल टाकाय आल्याली. आता तीच माजं बोलणं लिवून घेतीया. मी दुसरीपतोर शिकले, सही येती, जास्त न्हाई. आन मी, हौसाबाई. एवडीच माणसं. बाकी नदी.

मला क्षय झाला हुता, टीबी. नव्वदच्या फुडची सालं ती. तवा लोक त्येचं नाव बी मोट्यानं घेत नव्हते. 'तसलं कायतरी झालंय' म्हणायचे. मी घेती नाव, आता काय भ्यायचं?

मूठ म्हंजी काय

आमचं गाव इस्लामपूरच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. आमी बौद्ध. माज्या सासूच्या काळात गावातल्या हिरीत आमाला घागर बुडवू देत नव्हते, म्हणून आमची सगळी वस्ती नदीवर. प्यायचं पाणी नदीचं, धुणं नदीवर, पोरं बी दिवसभर नदीवर. आन पोरं बुडायची. तवा वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी रीत पाडली. घरात पोर जल्मलं की त्येच्या आजीनं डोहाच्या तळातनं एक मूठ गाळ आणायचा आन त्यो पोराच्या तळव्याला लावायचा, पोरानं पयलं पाऊल टाकायच्या आत. आन जिनं मूठ आणली तिनंच त्या पोराला पोहाय शिकवायचं. पोर पोहाय शिकूस्तवर ती आजी मरायला मोकळी न्हाई, आसं म्हणायच्या.

ह्यात देव न्हाई का नवस न्हाई. धर्म बदलला तवा आमच्या माणसांनी देव्हारं सोडलं, पर मूठ सोडली न्हाई. ती पूजा नव्हंच, ती जबाबदारी हाय.

खोटं चालत न्हाई ह्यात. काठाचा गाळ तांबूस आन तळाचा काळा, लोण्यावाणी मऊ. त्येला वास बी येगळा असतुया. डोह तीन-चार पुरुष खोल.

माजं म्हायेर कोरेगावकडचं, तितं बी नदीच. पोरगी असताना पाण्यातच वाडले मी. लगीन हून आले, सासूनं माजी पयली बुडी बगितली आन म्हटली, "ही सून न्हाई गं बायांनो, ही पाणकोंबडी हाय." आमच्यात दम घड्याळावर मोजत नव्हते. मी खाली गेले की काठावरच्या दोघी बायका लुगडं धरून पिळाय लागायच्या. नऊवार लुगडं टोकापास्नं टोकापतोर पिळून झाडून हुईस्तवर मी खाली ऱ्हायची. वस्तीत म्हणायची, हौसाचा दम लुगड्याएवडा.

हिरीत कुणाचा हंडा पडला, मोटरीच्या पाइपाच्या बुडाचा फुटव्हॉल आडाकला, की गावातनं निरोप यायचा, हौसाला बोलवा. ज्या हिरीवर सासूला उभं करत नव्हते, त्याच हिरीच्या तळाला जाऊन मी यायची. सासू हसून म्हणायची, "समदं पाणी बाटवून आलीस का? बरं झालं."

जत्रंत तालमीची पोरं डोहात बुडीची शर्यत लावायची. तळाची मूठ दावायची आन जास्त येळ ऱ्हायाचं. एक साल मी उतरले. एक पैलवान माज्या आदी वर आला, नाकातनं पाणी गळतंय, डोळं लाल. बक्षीस नारळ आन टावेल. मी म्हटलं, "टावेल पैलवानाला द्या, त्येला नाक पुसाय लागतुया."

हे सगळं सांगती ते मोठेपणासाठी न्हाई. माजं काय गेलं हुतं ते तुमाला कळावं म्हणून.

चिमटा

सुजाता श्रावणात जल्मली. तवा नदी लाल, डोहात उतरायचं नावच नको. म्हटलं, दिवाळी झाली की पाणी नितळंल, मग मूठ आणू. पोर काय लगीच चालतंय व्हय?

दिवाळीत उजव्या बरगडीत चमक निगाय लागली. दम आत घेतला की सुई टोचल्यावाणी. आमच्यात बुडी मारणाऱ्याला आशी चमक आली की 'डोहाचा चिमटा' म्हणत्यात, आन त्येवर औषध बी ठरल्यालं: अजून खोल जायाचं. वरनं पाण्याचा दाब बसला की चिमटा सुटतुया, आसं समदी मानायची. सासूनं तेच केलं हुतं, मी बी तेच केलं. थंडीचं दिस, आंगात कणकण, आन मी रोज सकाळी चिमटा सोडवाय डोहात.

मूठ आणायची म्हणून दोनदा गेले. तळ लागला न्हाई. आरध्यातनं वर आले.

येसू काठावर धुणं धूत हुती. ती म्हटली, "हौसे, आगं पदर बी पिळून झाला न्हाई, आन तू वर?"

"पाणी गार हाय."

"पाणी दरसाल गारच असतंय गं."

सांजच्याला ताप यायचा, पहाटं घामानं आंगावरचं भिजायचं. भाकरी नको वाटायची. चोळी ढिली पडली. मी म्हटलं, वय झालं.

माजी सून रंजना कडेगावची. दहावी झाल्याली, पोहाय येत न्हाई, आन बोलाय फटकळ. बाळंतपणातनं उठल्याली पोरगी ती, मांडीवर लेकरू घिऊन मला इचारती, "आत्या, घाटाच्या पायऱ्या चडताना तुमी किती येळा बसता?"

"गुडघं दुखत्यात."

"गुडघं दुखल्यावर माणूस लंगडतंय. धापा टाकत न्हाई."

"तुला लय कळतंय."

"कळतंय म्हणूनच सांगती." आन सुभाषकडं वळून म्हटली, "उद्या आत्यास्नी सांगलीला न्ह्या. न्हाईतर मी लेकरू घिऊन म्हायेरी निगाली."

माजा लेक आईला भ्यायचा, पर बायकूला जास्त भ्यायचा. बरं झालं.

गार पाटा

सांगलीच्या दवाखान्यात पयल्यांदा छातीचा फोटो काडाय न्हेलं. आंधारी खोली. एक गार पाटा, त्येला छाती लावून उभं ऱ्हायाचं, हात कमरंवर. फोटोवाला पडद्याआडनं म्हटला, "मावशी, श्वास घ्या आणि धरून ठेवा."

मला हसू आलं. म्हटलं ह्यो कुणाला सांगतुया! दम धरायचा म्हंजी माजं रोजचं काम. दम घेतला आन आतनं खोकला आसा उसळला, की कपाळ पाट्यावर आपाटलं.

"परत घ्या. धरून ठेवा."

परत तसंच. तिसऱ्यांदा बी तसंच. त्यो बिचारा बाहीर आला, म्हटला, "मावशी, एवढासा दम धरता येत नाही का? अगदी क्षणभर."

दाराच्या फटीतनं सुभाष बगत हुता. त्येनं मान खाली घातली. गावात ज्या आईचं नाव बुडीवर चालतंय, तिला क्षणभर दम धरवंना. रोगाचं नाव मला नंतर कळलं. पर मी आजारी हाय हे त्या गार पाट्यापाशी कळलं.

कसाबसा फोटो निगाला. डॉक्टरनी उजेडावर धरून दावला. एक अंग काळं आन एक अंग पांडरंफट. मी इचारलं, "ह्यो पांडरा भाग चांगला का?"

"नाही मावशी. ते पाणी आहे. छातीत पाणी साठलंय. आणि टीबी आहे, थुंकीतही सापडलाय. औषध आहे, पूर्ण बरा होतो. पण गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत."

सुभाषनं इचारलं, "घरात बारकं लेकरू हाय."

"आम्ही सांगेपर्यंत त्याला लांब ठेवा."

मी पाण्याला कवा भ्याले न्हाई. पर माज्या आतच पाणी साठलंय, आन मी त्येला सोडवाय रोज पाण्यात जात हुते. जिना उतरताना सुभाषनं धरलं. मी मनात म्हटलं, पोरीची मूठ ऱ्हायलीया.

बायाक्का

मला तितंच भरती करून घेतलं. माज्या शेजारच्या खाटंवर जतकडची म्हातारी. मेंढरावाली. कपाळाला हातभर कुकू, आवाज रानात हाक मारल्यावाणी. ती बायाक्का. तिला बी टीबीच.

"काय झालंय गं आक्का तुला?" तिनं मला इचारलं.

"छातीत पाणी झालंय."

ती उठून बसली. "आगं बाई! आमच्याकडं बायका घागरभर पाण्याला कोसभर चालत्यात, आन तू छातीत साठवून बसलीस व्हय! वाईच जतला तरी सोडायचं."

मी हसले. हसले तशी बरगडी कळकळली. म्हटलं, "हसवू नको बये, मरंन."

"मर मर. तुजी पेज मी खाती."

त्या वार्डात एवडी गोष्ट सोडली तर काय गोड नव्हतं. पहाटं ताप बगाय काचंची नळी तोंडात. मग सुई. मग सिस्टर गोळ्या तोंडात घालून पाणी पिऊस्तवर फुड्यात उभी. मग दिसभर छताकडं बगायचं. खाटंखाली ज्येचं त्येचं माणूस गोदडी टाकून निजल्यालं. सुभाष भाकरीचा डबा घिऊन यायचा, पायापाशी बसायचा. एकदा म्हटला, "आई, मी लहान असताना तू खाली गेलीस की मी बी काठावर दम धरायचो. तुज्याआदी सुटायचा माजा." एवडं बोलून डबा घासाय गेला.

पाठीत सुई घालून पाणी काडायचा दिस आला. उशी उराशी धरून वाकून बसवलं. डॉक्टर म्हटला, "हलायचं नाही, खोकायचं नाही." सुई बरगड्यांच्या मधी गेली तशी छाती आतनं धडका द्याय लागली. वाटलं, वरडावं, उठून पळावं.

तवा सासू आठवली. बुडी मारल्यावर एक येळ आशी येती, की छाती आतनं धडका देती. नव्या पोराला वाटतंय, दम संपला, मेलो. दम संपल्याला नसतुया. ती पयली धडक भ्याची असती. सासूनं मला शिकवल्यालं, "ती धडक आली की हातपाय ढिलं सोडायचं, तिला म्हणायचं, तू आलीस व्हय, बस." मी तेच केलं. उशीवर गाल ठिवला. हात ढिलं सोडलं. म्हटलं, आलीस व्हय? बस.

पाणी निगालं. मी वळून बगितलं, गाळल्याल्या उसाच्या रसावाणी पिवळं, बाटली भरून. बायाक्का म्हटली, "एवड्यात माज्या एका मेंढीची तहान भागली असती."

दम लगीच मोकळा झाला. पुरा न्हाई, पर पायऱ्या उतरून खाली चा प्याय जाईस्तवर.

मग सिस्टरनी आमाला फुगं आणून दिलं, छातीला ताकद यावी म्हणून फुगवायचं. दोन म्हाताऱ्या, खाटंवर पाय सोडून, गाल फुगवून बसल्यात. बायाक्काचा पयला फुगा फुगंना, ती फुग्यालाच शिव्या घालाय लागली. माजा तांबडा फुगा जरा मोटा झाला, मी त्येला गाठ मारून सुभाषला म्हटलं, "सुजाताला न्हे."

सिस्टरनी हातातनं काडून घेतला. "आजी, तुमच्या तोंडचा फुगा बाळाला नको हं."

रागानं न्हाई म्हटली. पर ते बोलणं सुईपरीस खोल गेलं.

दार

घरी आले तवा माजी खाट पडवीत टाकल्याली. ताट येगळं, तांब्या येगळा, पेला येगळा. मालकांनी ते बगितलं आन भडाकलं. एरवी आमचं मालक मेंढरावाणी गरीब.

"हाटेलात आमची कपबशी येगळी असायची, बाहीर खिळ्याला टांगल्याली. ती मोडाय माजा बा हयातभर भांडला. आन आता माज्याच घरात माज्या बायकूचं ताट येगळं?"

रंजनाचं तोंड पांडरं पडलं, पर हालली न्हाई. "मामा, ती कपबशी जातीपायी हुती. हे ताट लेकरापायी हाय. डॉक्टर हू म्हणंल त्या दिशी मीच एकत्र करंन."

"आन न्हाई म्हटला तर?"

"तर न्हाई."

मी पडवीतनं म्हटलं, "तिचं बरुबर हाय. ती दोन ताटं एक न्हवंत. तुमी गप बसा." म्हटलं खरं. पर त्या ताटात जेवताना पयला घास लय येळ तोंडातच फिरला.

दुसऱ्या दिशी दिवं लागायच्या येळंला पडवीचं दार उगाडलं. रंजना उंबऱ्याच्या आत उभी, कडंवर सुजाता. आत पाय टाकला न्हाई. लेकराचं तोंड माज्याकडं केलं आन म्हटली, "आत्या, बगा. आज पालथी पडली."

मी बगितलं. लेकरू माज्याकडं बगतंय, मी त्येच्याकडं. मग दार लागलं.

तवापास्नं रोज. "आज मामांची मिशी वडली." "आज दात टोचला, माज्या बोटाला चावलीया बगा." "आज काय न्हाई केलं, नुसतीच रडली." एकदा आमच्या दोघींचं भांडण झालं, कशावरनं ते आता आठवत न्हाई. ती बोलंना, मी बोलंना. तरी सांजच्याला दार उगाडलं. तोंड फिरवून उभी, पर लेकरू माज्याकडं धरल्यालं.

त्या गोळ्या म्हंजी काय सांगू. पोटात ढवळायचं, तोंडाची चव जायाची, लघवी तांबडी व्हायाची. पयल्यांदा बगून मी भ्याले, मग कळलं ते औषधाचंच. कायकाय दिशी वाटायचं, बास, आज नको. तवा मी माज्या मनाशी ठरवलं, सांजच्याला दार उगडायच्या आत गोळ्या पोटात गेल्या पायजेत. गोळ्या न घेता नातीच्या तोंडाकडं बगायचं न्हाई.

थंडी सरून ऊन तापाय लागलं. सांगलीला परत थुंकी तपासली, त्यात काय निगालं न्हाई. डॉक्टर म्हटला, आता बाळाला घ्यायला हरकत नाही, पण गोळ्या चालूच ठेवायच्या. घरी आलो. रंजनानं माजं ताट उचाललं, राखंनं घासलं, आमच्या ताटांच्या चळतीत ठिवलं. मग लेकरू आणून माज्या मांडीवर टाकलं. "धरा. मला भाकरी थापायच्यात."

एवडंच. मी लेकराच्या टाळूला नाक लावलं. चुलीपाशी रंजना भाकरी थापत हुती, पदरानं डोळं पुसत हुती. धूर झाला हुता म्हणती.

टोपडं

लेकरू खाटंचा पाय धरून उभं ऱ्हाय लागलं. येसू बगून म्हटली, "हौसे, ही चालती आता. पाऊस लागला की नदी लाल हुती ती दिवाळीपतोर. मूठ आत्ताच आणाय पायजे. मी आणती."

"मग पोहाय बी तूच शिकवणार?"

"मग काय झालं?"

"माजी नात हाय येसू."

"आगं नात तुजीच ऱ्हाती. मी काय पळवून न्हेती व्हय?"

मी म्हटलं, "वाईच थांब."

दुसऱ्या दिशी घाटावर गेले. कमरंएवड्या पाण्यात बसले आन डोस्कं बुडवलं. येसू काठावर लेकराचं धुणं धूत हुती. मी वर आले तशी ती खिदळली. "तुज्या दमात आज नुसतं टोपडं धुऊन झालं गं!"

मला राग आला न्हाई. म्हटलं, टोपडं तर टोपडं, सुरवात झाली. रोज जायाची. टोपडं झालं, मग झबलं, मग झंपर. झंपरावर गाडी लय दिस आडली. खोकला यायचा, डोळ्याफुडं काजवं यायचं. काय दिशी परत टोपड्यावर यायची. मग एक दिस परकर पिळून झाला, येसूनं परकर झाडला आन हाताची मूठ वर केली. लुगडं मातूर न्हाई. लुगडं परत कवाच झालं न्हाई.

डॉक्टरला इचारलं. त्येनं नवा फोटो बगितला. "मावशी, पाणी परत झालेलं नाही. पण फुप्फुस एका बाजूला चिकटलंय, ते तसंच राहणार. पोहा. पण दम कोंडून खोल जाऊ नका."

डॉक्टर खरं सांगत हुता. मी केलं ते बगून कुणी करू नका, हे हितंच सांगून ठेवती.

घरी मालक म्हटलं, "मूठ आणाय गेलीस आन तूच तळाला ऱ्हायलीस तर पोरीला काय सांगू? आजी गाळात हाय म्हणून?"

"सांगा, आजी उतरली हुती म्हणून."

"येसू आणतीया की."

"येसूच्या स्वताच्या नाती हायत. ती किती जणींची आजी हुईल? आवं, मी गोळ्या खाल्ल्या त्या कशासाठी? पडवीत बसून छत बगाय?"

मालक उठून गेलं. माज्याशी बोलणं टाकलं. पर एका सकाळी दारात उभं, खांद्यावर दोर आन बैलाचा कासरा. "दोराशिवाय पाण्यात पाय टाकायचा न्हाई," म्हटलं, आन फुडं चालाय लागलं.

वरवंटा

बायाक्काला निरोप धाडला हुता. तिची बी थुंकी आता साफ निगाल्याली. ती मेंढरं लेकावर सोडून आली, गोळ्या कमरंच्या बटव्यात घिऊन. डोह बगून म्हटली, "एवडं पाणी एका जागी! कुणी ठिवलं गं हितं?" आन बाभळीखाली जाऊन बसली.

सुभाषनं माज्या कमरंला दोर बांदला. येसू माज्याबरुबर पाण्यात. तिनं वरच थांबायचं, मी वर येताना मला धरायचं. मी पाण्यावर उताणी पडले, दम सावकाश घेतला, सोडला. उगं भराभरा दम घ्यायचा न्हाई, त्येनं माणूस पाण्यात झोपतंय. मग कुशीवर वळले आन खाली.

उन्हाचं कोवळं पाणी सरलं, मग गार पाणी लागलं. कान दाबलं, नाक धरून फुंकलं, सुटलं. पाय मारती, पर खाली जाणं हुईना. पाय मारण्यातच दम खपाय लागला. उजवी बाजू फळीवाणी ताठ. छातीनं धडक दिली. म्हटलं, आलीस व्हय, बस. ती बसंना. दुसरी, तिसरी. ही भ्याची नव्हती, ही खरी हुती. दोर हालवला. सुभाषनं वडलं.

काठावर खोकून खोकून वाकले. मालक म्हटलं, "झालं? चला आता घरी."

तेवड्यात सुजाता रंजनाच्या पायाला धरून उभी ऱ्हायली आन एक पाय उचलाय लागली. रंजनानं चट्टदिशी तिला खाली बसवलं. "थांब की गं बये! आजीचं होऊ दे." आन लेकरू बायाक्काच्या मांडीवर टाकून वस्तीकडं पळत गेली.

आली ती दोन्ही हातात वरवंटा घिऊन. चटणी वाटायचा, काळ्या दगडाचा, आमच्या सासूच्या येळचा.

"ह्यो घिऊन जावा आत्या. ह्यो न्हील खाली. तुमी पाय मारू नका."

मी म्हटलं, "दगडाची बुडी? आगं जत्रंत दगड घेतला तर बाद करत्यात. समदी हसतील."

"जत्रा हाय व्हय ही? मूठ आणाय सांगितलीया. खाली चालत जायाचं का बसून, ते कुणी सांगितलंय?"

येसू पाण्यात हसाय लागली. ज्या पोरीला घोट्याएवड्या पाण्यात चक्कर येती, तिनं मला बुडी शिकवली. आमच्या वस्तीत ह्येच्याआदी कुणाला सुचलं नव्हतं, कारण आमाला लाज वाटायची. तिला लाज ठावंच नव्हती.

मालकांनी खांद्यावरचा कासरा काडला, एक टोक वरवंट्याला बांदलं आन दुसरं स्वताच्या मनगटाला गुंडाळलं. रंजना म्हटली, "आन वरवंटा वर आला पायजे. चटणी कशात वाटू?"

वाईच दम खाल्ला. मग वरवंटा उराशी धरला, लेकरू धरल्यावाणी, आन सुटले.

ह्या टायमाला पाय मारायचं न्हाई, हात मारायचं न्हाई. नुसतं जायाचं. ऊन सरलं, गार पाणी आलं, मग त्येच्या खालचं काळं पाणी. कानात शांत. धडक आली. तू आलीस व्हय? बस. ती बसली. आन वरवंटा मऊ जागंला टेकला. हात सोडला, बोटं गाळात घातली. तोच लोण्यावाणी गाळ. मूठ आवळली आन दोर हालवला.

वर येताना आरध्यात येसूचा हात लागला. तिनं काखंत धरलं. उजेड आला, दम आला, खोकला आला. काठावर वडून घातलं. माजी मूठ मी उगडंना, खोकत हुते तरी.

"उगड की," मालक म्हटलं.

उगाडली. निम्मा गाळ पाण्यात धुऊन गेल्याला. उरला हुता तो वाटीच्या बुडाला ऱ्हावा एवडा. काळा. येसूनं वास घेतला, म्हटली, "तळाचाच."

रंजनानं सुजाताला उचाललं आन तिचा पाय माज्या तळहातावर ठिवला. लेकरानं बोटं आकसली, मग सोडली, मग गाळ लाथाडून माज्या तोंडावर उडवला. बायाक्का बाभळीखालनं वरडली, "मेली का जित्ती हाय गं आक्का?"

मी म्हटलं, "जित्ती हाय! अजून हिला शिकवायचंय!"

मालक कासरा वडत हुतं. वरवंटा वर आला.

सांगणं

गोळ्या त्येच्याफुडं बी चालू ऱ्हायल्या, डॉक्टर बास म्हणूस्तवर घेतल्या. बायाक्कानं बी घेतल्या. डोहाच्या तळाला मी परत गेले न्हाई. सुजाता माज्याजवळ पोहाय शिकली. तिचा दम लुगड्याफुडं गेलाय, पर आता लुगडी पिळाय बायकाच कुटं ऱ्हायल्यात. तिची आई अजून काठावरच बसती.

तुमी जे कोण हे वाचताय त्येंस्नी माजं एकच सांगणं. तुमच्या घरात कुणाला हा रोग झाला आन डॉक्टरनी लेकरू लांब ठेवाय सांगितलं, तर लांब ठेवा. त्यात वाईट वाटून घिऊ नका. पर रोज सांजच्याला दार उगडा, उंबऱ्याच्या आत उभं ऱ्हावा, आन लेकराचं तोंड आजाऱ्याकडं करा. बोलायचं नसलं तर बोलू नका. दावा तेवडं.